डॉक्टरांसाठी एक पेन दाखवा

किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही. ते आपणहून आमच्या दुकानाच्या पायऱ्या चढून येतात, स्टुलावर बसतात, पाणी मागतात आणि म्हणतात, "वहिनी, डॉक्टरांसाठी एक पेन दाखवा." इथवर सगळे सारखेच. पुढे जे काही बोलतात ते ऐकून गार पडणं हा आता माझ्या धंद्याचा भाग झालाय.

सातारला आमचं हातानं केलेल्या पेनांचं दुकान आहे. पुढे काउंटरवर मी, मागे लेथवर आमचे हे. एबोनाइट म्हणून काळं, कडक रबर असतं. त्याच्या कांडीतून हे पेन काढतात आणि टोपणाचे आटे स्वतःच्या हातानं पाडतात. त्या रबराचा गंधकासारखा वास आमच्या पडद्यांना, चादरींना आणि माझ्या लग्नातल्या शालूलाही येतो. माहेरची माणसं आली की विचारतात, अजून फटाके उडवताय का?

स्वतःसाठी पेन घेणारं आता कोणी राहिलं नाही. सगळे फोनवर बोटं फिरवतात. डॉक्टर तेवढे कागदावर लिहितात, आणि आपल्याकडच्या माणसाला डॉक्टरांचे उपकार अंगावर ठेवून चैन पडत नाही. पूर्वी लोक गुळाची ढेप न्यायचे, कोंबडा न्यायचे. आता कोंबडा हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये घेत नाहीत, म्हणून पेन.

दुकानाचे नियम दोनच. पहिला माझा. पेशंट घरी आल्याशिवाय पेन द्यायचं नाही. आधी दिलं की ती भेट राहत नाही, वशिला होतो. दुसरा ह्यांचा. क्लिप बसवायच्या आधी पेन काउंटरच्या काचेवर आडवं ठेवून हलकेच ढकलायचं. आटे सरळ पडले असतील तर ते सरळ घरंगळत जातं. जरा जरी तिरके पडले असतील तर लंगडतं आणि एका बाजूला वळतं. सरळ गेलेलं पेन काचेच्या टोकाशी हे डाव्या तळव्यात झेलतात. लंगडलेलं पत्र्याच्या डब्यात जातं, मग कोणी कितीही गयावया करो.

गेल्या वर्षापासून तो डबा भराभर भरायला लागला. ह्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या, अंगठ्यात जोर नाही. ह्यांनी मला काही सांगितलं नाही. मला डब्यावरूनच कळलं. म्हणून पुढचे किस्से घडत होते तेव्हा माझा एक कान कायम मागच्या लेथकडे होता, एवढं लक्षात ठेवा.

*

कोयनानगरहून एकजण आला. पिशवीतून त्यानं लाकडाचा जुना दांडका काढून काचेवर ठेवला.

"ह्याचं पेन करून द्या. डॉक्टरांना द्यायचंय."

लाकूड कसलं, म्हणून विचारलं. तर म्हणाला, आईच्या छातीत कळा सुरू झाल्या तेव्हा नेमकी घाटात दरड कोसळलेली. गाडी पलीकडेच अडकली. मग चौघांनी तिला बाजेवर घालून दरडीवरून पलीकडे नेलं आणि तिथून गाडीनं कराड गाठलं. "डॉक्टरांनी तिला वाचवलं. पण त्यांच्यापर्यंत तिला बाजेनं पोचवलं. म्हणून म्हटलं, पेन बाजेचंच द्यायचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी दांडका आत नेला. जुनं लाकूड लेथवर फुटतं, तरी खपून खपून त्यातून पेन काढलं. काचेवर सोडलं तर कसं सरळ गेलं! आई घरी आली की घेऊन जातो, असं तो म्हणून गेला.

आई घरी आली त्या दिवशी दुकानात फोन वाजला. बाईचा आवाज, चांगला खणखणीत.

"पेनवाल्या तुमीच का?"

"हो, बोला."

"माज्या बाजेचा पाय तुमच्याकडं हाय म्हनं."

मी म्हटलं, "आजी, त्याचं पेन झालं."

"व्हय? मग मी झोपू कुटं? दवाखान्यातनं आले, बाजंवर टेकले, तशी पालथी झाले की. डॉक्टरनं लय जपायला सांगितलंय मला."

मला हसावं की माफी मागावी कळेना. ह्यांनी ओळखीच्या सुताराकडून बाजेला नवा पाय करून घेतला आणि पेनाच्या खोक्याबरोबर तोही कोयनेला पाठवला.

*

शिराळ्याचा एक शेतकरी. उसात पाणी पाजताना पायाला साप डसला होता, डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला. त्याची अट एकच. "पेन बघितलं की डॉक्टरला मी आठवलो पायजे."

"नाव कोरून देऊ तुमचं," मी म्हटलं.

"नावानं कोन ध्यानात ऱ्हातंय ताई? त्यांच्याकडं दिवसभर नावंच येत्यात."

असं म्हणून त्यानं खिशातून रुमालाची घडी काढली आणि माझ्यापुढे काचेवर उलगडली. आत साप. मी स्टुलावर कधी चढले ते मला आजही सांगता येणार नाही.

"आवं ताई, निस्ती कात हाय. आतला कवाच गेला."

खाली उतरायला मला वेळ लागला. तोवर हे बाहेर आले, कात उजेडात धरून बघितली आणि लहान मुलासारखे खूश झाले. पारदर्शक रेझिनमध्ये ही बसवू, म्हणाले. मी शेतकऱ्याला विचारलं, "पण ही त्याच सापाची कशावरून?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. इतका वेडगळ प्रश्न त्याला आयुष्यात कोणी विचारला नसावा.

"आमी वळखतो की त्याला," तो म्हणाला. "बांधावरच ऱ्हातोय."

म्हणजे डसणारा अजून तिथेच होता आणि हा रोज त्याच बांधावरून जात होता. मी पुन्हा स्टुलावर बसले, ह्या वेळी नीट. जाताना त्यानं दारातून वळून विचारलं, "रुमाल ठिवू का हितंच? आजून थोडी हाय."

*

सांगलीचे एक मेडिकलवाले आमच्याकडे आले ते अगदी रडकुंडीला येऊन. समोरच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं अक्षर फक्त मेडिकलवाल्यांनाच लागायचं, आणि आताशा त्यांनाही लागेनासं झालेलं. डॉक्टरांचा वाढदिवस जवळ आला होता. "अक्षर सुधारेल असं पेन आहे का हो?"

आमच्या ह्यांनी विचार करून जाड निब बसवली. जाड निबेनं भरभर लिहिलं की सगळा गिचमिड काला होतो, त्यामुळे लिहिणारा आपसूक सावकाश लिहितो. मेडिकलवाले पेन घेऊन आनंदात गेले. थोड्या दिवसांनी त्यांचा फोन, अक्षर मोत्यासारखं झालंय.

मग एका सकाळी तेच पेन घेऊन दुकानात हजर. चेहरा उतरलेला. "निब बदला. बारीक बसवा. अगदी बारीक."

"का हो? अक्षर वाचता येत नाही का?"

"येतंय ना! पण आता पेशंटलाही येतंय. माझ्या काउंटरवर उभे राहून फोनवर गोळीचं नाव घालतात आणि तिचे सगळे अपाय मलाच वाचून दाखवतात. काल एक आजी म्हणाल्या, ह्यातली तिसरी गोळी देऊ नका, माझ्या नातवाला ती पसंत नाही."

हे आत गेले आणि निब बदलून आणली. पेन सर्व्हिसिंगला गेलं होतं, असं त्या डॉक्टरांना अजून वाटतंय.

*

एक रिटायर्ड सुभेदार. पेन हातात घेतलं आणि काचेवर त्याचे सगळे भाग सुटे करून ओळीनं मांडले. मग डोळे मिटून परत जोडलं. "हत्यार ठीक आहे," म्हणाले. त्यांना ते तालुक्याच्या तरुण डॉक्टरांना द्यायचं होतं. वर काय कोरायचं, विचारलं तर म्हणाले, "सप्रेम भेट, राधा."

ही मिसेसची माया असेल, असं मी समजले. कोरून दिलं.

पुढच्याच आठवड्यात एक नवी नवरी दुकानात आली. हातात आमचंच खोकं. आवाज एकदम शांत, आणि शांत आवाजाचीच मला जास्त भीती वाटते. "हे माझ्या मिस्टरांच्या खिशात सापडलं. ही राधा कोण?"

मला वाटलं, खरं सांगून टाकावं. "अहो, एका रिटायर्ड सुभेदारांच्या मिसेस असतील."

"सुभेदारांच्या मिसेस माझ्या नवऱ्याला सप्रेम पेन का देतील?"

एखाद्याचा संसार आपल्या कोरीव कामापायी मोडतोय की काय! सुभेदारांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "सुभेदारसाहेब, पेनावर नाव कोरून घेतलंत ना, त्या राधाताई घरी आहेत का?"

"आहे की. तिचीच धार काढतोय. जरा थांबा, बादली भरत आली."

तेव्हा मला कळलं की डॉक्टर जनावरांचे होते. म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलं होतं, दोघं वाचली. नवरीनं खोकं मिटलं, स्टुलावर बसली आणि पाणी मागितलं.

*

आता हा किस्सा हसण्याचा नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

वाईचे एक गृहस्थ वडिलांच्या डॉक्टरांसाठी पेन सांगून गेले होते. आबा अजून दवाखान्यात होते. माझा नियम मी त्यांना सांगितला, ते हो म्हणाले. पेन तयार होऊन ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. मग एके दिवशी वाईच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं, आबा गेले. मी पेन ड्रॉवरमधून काढून परत विक्रीच्या पेटीत ठेवलं. आता कोण येतंय न्यायला?

ते आले. डोक्यावरचे केस काढलेले. मी घाईनं म्हटलं, "राहू द्या हो, नाही नेलंत तरी चालेल."

"का? विकलंत का माझं पेन?"

ते स्टुलावर बसले. म्हणाले, "शेवटी आम्ही सगळे बाहेर होतो. आत आबांचा हात धरून डॉक्टर उभे होते. मग त्यांना पेन द्यायचं नाही तर कोणाला?" आणि वर म्हणाले, "तुमचा नियम आहे ना वहिनी, पेशंट घरी आल्यावर? आबा आले की घरी. आम्हीच आणलं."

मी पेटीतून पेन काढून ह्यांच्याकडे दिलं. त्यावर आबांचं नाव कोरायचं होतं. माझ्यासमोर ह्यांच्या हातातून कोरणी पडली. उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा ह्यांनी ती डाव्या हातानं उचलली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. नाव कसंबसं कोरून झालं. ते गृहस्थ गेल्यावर मी दुकानाचं शटर ओढलं आणि सांगलीला हातांच्या दवाखान्यात फोन लावला.

*

सांगलीच्या हाताच्या डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाच्या निघाल्या. टेबलावर काच, काचेखाली कॅलेंडर आणि गणपती. त्यांनी ह्यांना विचारलं, "काका, हात बिघडलाय हे तुम्हाला कधी कळलं?"

"पेनं लंगडायला लागली तेव्हा."

झालं. बाहेर रांग लागलेली आणि त्या बाई आटे कसे पाडतात, काचेवर पेन कसं सोडतात, ते कुठे वळतं, सगळं विचारत बसल्या. मला वाटलं, बाईंना काही काम नाही का? मग त्यांनी हात तपासला आणि सरळ सांगितलं, "मनगटात नस दाबली गेलीय. यायला उशीर केलात. ऑपरेशन करून मोकळी करू, मुंग्या जातील. जोर किती परत येईल, ते मी आज सांगणार नाही."

जोर परत आला नाही तर लेथ बंद. ह्यांना दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कशातच जीव नाही. मी त्या दिवसांत फार घाबरलेली होते. ह्यांनी लेथवर चादर टाकली, आणि मी ती चादर दिसू नये म्हणून मधला पडदा ओढून ठेवायची.

ऑपरेशन झालं. टाके निघाले. आता डॉक्टरांना पेन द्यायचं, आणि अख्ख्या जिल्ह्याला पेन सुचवणारे आम्ही दोघं अडून बसलो. हे नको, ते साधं दिसतंय, ते पुरुषी वाटतंय. शेवटी ह्यांनी कपाट उघडून तळातून एक खोकं काढलं. हात ऐन भरात असताना केलेलं पेन, तपकिरी रंगात काळ्या लाटा. किती जणांनी मागितलं, पण ह्यांनी विकलं नव्हतं. पेशंट घरी आलेला होता, माझा नियमही पाळला गेला होता.

डॉक्टरांनी खोकं उघडलं, पेन उजेडात फिरवून बघितलं. "सुंदर आहे. कधी केलंत हे?"

"हात बरा होता तेव्हा."

त्यांनी खोकं मिटलं आणि काचेवरून ह्यांच्याकडे परत सरकवलं. "मग ह्यात माझं काय आहे?"

इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरनं आमचं पेन परत केलं नव्हतं.

"मला ऑपरेशननंतरचं हवंय," त्या म्हणाल्या.

"वाकडं होईल," हे म्हणाले.

"होऊ दे. दाखवायला याल तेव्हा दर वेळी नवं करून आणा. क्लिप लावू नका."

घरी आल्यावर ह्यांनी लेथवरची चादर काढली. पहिलं पेन केलं ते आमच्या काचेवर सोडायची ह्यांची हिंमत झाली नाही, तसंच सांगलीला नेलं. डॉक्टरांनी फायली बाजूला सारल्या आणि आपल्या बाजूनं पेन सोडलं. ते लंगडत निघालं, गणपतीच्या अलीकडेच वळलं आणि स्टेथोस्कोपला जाऊन अडकलं. त्यांनी पेन उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं, हाताचे व्यायाम सांगितले आणि पुढची तारीख दिली.

परतीच्या एसटीत कराडला हे म्हणाले, "तिनं ते डब्यात का नाही टाकलं?"

"तिच्याकडे डबा नसेल," मी म्हटलं.

पुढच्या खेपेचं पेन गणपती ओलांडून वळलं. त्यानंतरचं कॅलेंडरच्या कडेपर्यंत आलं आणि मग वळलं. ती सगळी लंगडी पेनं त्यांच्या ड्रॉवरमध्ये साठत गेली. एकदा त्यातल्याच एकानं त्या पेशंटचा कागद लिहिताना मी पाहिलं. टोपण तिरकं बसलेलं, आणि त्या खुशाल लिहीत होत्या. हे दुसरीकडे बघत होते.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. त्यांनी फायली सारल्या, पेन काचेवर आडवं ठेवलं, बोटानं हलकेच ढकललं. गणपतीवरून गेलं. कॅलेंडरवरून गेलं. वळलं नाही. मी ह्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. आयुष्यभर पेन झेलणारा तो हात मांडीवर तसाच पडून होता. डॉक्टरांनीही हात पुढे केला नाही. पेन सरळ टेबलाच्या कडेपर्यंत आलं आणि खाली गेलं. निब फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

तिघांपैकी कोणीच वाकलं नाही. डॉक्टरांनी टेबलावरची घंटी दाबली. बाहेरची रिसेप्शनवाली दारातून डोकावली.

"काकांची पुढची तारीख खोडून टाक, आता लागणार नाही," त्या म्हणाल्या.

पेन अजून टेबलाखालीच होतं.